नववीच्या जलसुरक्षा प्रकल्पात न आलेला मामा तलाव : एक प्रकरण अभ्यास

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातील एका खासगी अनुदानित माध्यमिक विद्यालयात २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात घडलेल्या प्रसंगाची ही नोंद आहे. शाळेचे, गावाचे आणि संबंधित व्यक्तींचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही. जनरेटिव्ह एआयविषयी, म्हणजे विचारल्यावर मजकूर लिहून देणाऱ्या साधनांविषयी, शाळांनी काय करावे, याची चर्चा बहुधा मोठ्या शहरांतील, संगणक कक्ष आणि इंटरनेट असलेल्या शाळा डोळ्यांसमोर ठेवून होते. या शाळेत मुले वहीत शाईने लिहितात, संगणक कक्षातील निम्मी यंत्रे बंद असतात आणि शाळेत मोबाइल आणायला मनाई आहे. तरीही प्रश्न इथे येऊन पोहोचलाच. तो कसा आला आणि शिक्षकांनी त्याला कसे उत्तर दिले, हे इतर ग्रामीण शाळांना उपयोगी पडेल असे वाटल्याने हे प्रकरण सविस्तर मांडत आहे.

गाव, तलाव आणि फोन

हा तलावांचा प्रदेश आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत कोहळी समाजाच्या कौशल्यातून आणि मालगुजारांच्या (सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या) काळात बांधले गेलेले हजारो तलाव आजही धानाला पाणी देतात. सरकारी कागदांत त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात आणि लोकांच्या तोंडी ते मामा तलाव झाले आहेत. नवेगावबांधचा प्रसिद्ध जलाशय याच परंपरेतला आणि याच तालुक्यातला. तलावाची पाळ, पाणी सोडण्याचे तुडुम, जादा पाणी वाहून जाण्याची सलंग, पाट, खालच्या बांध्या (बांध घातलेली धानाची शेते) आणि तलावात मासेमारी करणाऱ्या ढिवर कुटुंबांचे हक्क अशी ही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली व्यवस्था आहे. शाळेच्या फाटकातून बाहेर पडले की असाच एक तलाव समोर दिसतो.

फोनची बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. गूगलचे जेमिनी ॲप भारतात जून २०२४ मध्ये मराठीसह नऊ भारतीय भाषांत उपलब्ध झाले आणि त्याच महिन्यात व्हॉट्सॲपमध्ये मेटा एआय दिसू लागले. विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. त्यामुळे त्या वर्षी वर्ग भरले तेव्हा ही साधने मुलांच्या घरातील फोनमध्ये येऊन बसली होती. कोणी ती मागवली नव्हती, कोणी शिकवली नव्हती आणि शिक्षकांना त्यावर विचार करायला एकही सुट्टी मिळाली नव्हती. ग्रामीण भारतातील मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या अहवालानुसार १४ ते १६ वयोगटातील ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. मुलांमध्ये हे प्रमाण ८५.५ टक्के आणि मुलींमध्ये ७९.४ टक्के आहे. हा फरक पुढे या प्रकरणात पुन्हा येणार आहे.

वह्या जमा झाल्या तेव्हा

नववीच्या अभ्यासक्रमात जलसुरक्षा हा श्रेणीचा विषय आहे आणि त्यात उपक्रम व प्रकल्प यांना मोठे स्थान आहे. भूगोलाबरोबर हा विषय शिकवणाऱ्या मॅडमनी रोवणी (धानाची लावणी) आटोपल्यावर, म्हणजे घरच्या शेतावर गेलेली मुले वर्गात परतल्यावर, ‘माझ्या गावातील जलस्रोत आणि जलव्यवस्थापन’ हा प्रकल्प दिला. दिवाळीच्या सुट्टीआधी वह्या जमा झाल्या.

मॅडमना पहिल्या काही वह्यांतच वेगळेपण जाणवले. भाषा शुद्ध होती, परिच्छेद नेटके होते, प्रत्येक भागाला उपशीर्षक होते. पण एका वहीत गावातील शेतकरी उसाला आणि द्राक्षांना ठिबकने पाणी देत होते, दुसरीत गावाच्या उत्तरेला पाझर तलाव होता आणि तिसरीत उपसा सिंचन योजनेमुळे गावाचा कायापालट झाला होता. गावात ऊस नाही, द्राक्षे तर नाहीतच, आणि उपसा सिंचन योजनाही नाही. चाळीसेक वह्यांपैकी सुमारे एक तृतीयांश वह्या अशा होत्या. त्यांतल्या एकीतही शाळेसमोरच्या मामा तलावाचा उल्लेख नव्हता. तुडुम, सलंग, बांधी, बोडी (लहान तळे) हे शब्द मुलांच्या रोजच्या बोलण्यातले असूनही लिखाणात कुठेच नव्हते.

हे असे का होते, हे समजून घेणे शिक्षकांसाठी आवश्यक आहे. ही साधने प्रचंड मजकुरावरून शब्दांच्या जोडण्या शिकतात आणि विचारलेल्या प्रश्नापुढे कोणते शब्द येणे संभवनीय आहे, त्यानुसार वाक्ये रचतात. ज्या गावाविषयी कोणी काही लिहिलेलेच नाही, त्या गावाविषयी विचारले तर साधन सहसा थांबत नाही. महाराष्ट्रातील गावांविषयी जे वारंवार लिहिले गेले आहे तेच ते भरते. मराठी मजकूर इंटरनेटवर आधीच थोडा आहे, त्यात पूर्व विदर्भाचा वाटा आणखी थोडा आणि तिथल्या झाडीबोलीतील शब्दांचा तर नगण्य. म्हणून या गावाच्या नावावर दुसऱ्याच कुठल्या तरी गावाचे पाणी लिहिले गेले.

इथे एक गोष्ट स्पष्ट करावीशी वाटते. अशा प्रकल्पांत मुले पूर्वीही स्वतः लिहीत नव्हती. तालुक्याच्या ठिकाणी झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प विकत मिळतात, मोठ्या भावंडांच्या जुन्या वह्या उतरवल्या जातात, आणि त्या उताऱ्यांतही तलाव नसायचाच. हे शिक्षकांना ठाऊक होते, पण वही वेळेत आली की काम झाले, अशी सर्वांची मूक तडजोड होती.

एका मुलीवर आलेला संशय

मॅडमनी घरी बसून संशयित वह्यांतील उतारे फोनवर टंकले आणि इंटरनेटवरील एका मोफत एआय-ओळख साधनात टाकून पाहिले. काही उतारे यंत्राने लिहिले असल्याचा निर्वाळा साधनाने दिला. त्यांत एका ढिवर कुटुंबातील मुलीची वही होती आणि तिच्या उताऱ्यासमोर आकडाही मोठा होता. दुसऱ्या दिवशी तिला इतरांबरोबर शिक्षक कक्षात बोलावण्यात आले.

बाकीच्यांनी मान खाली घालून कबूल केले. ही मुलगी मात्र रडवेली होऊन एवढेच म्हणाली, “मॅडम, आमच्या घरी तसा फोनच नाही.” तिच्या वडिलांकडे बटणांचा साधा फोन होता. मॅडमनी तेव्हा तिची वही शेवटपर्यंत वाचली. पहिली दोन पाने पाठ्यपुस्तकी भाषेत होती, कारण प्रकल्पाची भाषा पुस्तकासारखी असावी असे तिला नेहमी सांगितले गेले होते. तिसऱ्या पानापासून तिच्या आजोबांनी सांगितलेली माहिती होती : तलावात बेशरमाची झुडपे पसरल्यापासून मरळ कमी मिळू लागली, गाळ साचल्याने उन्हाळ्यात पाणी लवकर आटते, आणि तुडुम कधी उघडायचे यावरून शेतकरी व मासेमार यांच्यात दरवर्षी बोलणी होतात, कारण धानाला पाणी हवे तेव्हा मासळीलाही ते हवे असते. वर्गातील सर्वांत अस्सल काम याच वहीत होते आणि ते वाचले जाण्याआधी तिच्यावर आरोप झाला होता.

हा प्रसंग अपवादात्मक नाही. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने स्वतः जानेवारी २०२३ मध्ये असे एक ओळख साधन काढले होते. यंत्राने लिहिलेल्या मजकुरापैकी केवळ २६ टक्के मजकूर ते अचूक ओळखत होते आणि ९ टक्के वेळा माणसाच्या लेखनालाच यंत्राचे ठरवत होते. अचूकता कमी असल्याचे कारण देऊन कंपनीने ते जुलै २०२३ मध्ये बंद केले. त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी सात ओळख साधने तपासली, तेव्हा इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी लिहिलेले निबंध सरासरी ६१ टक्के वेळा यंत्राचे ठरवले गेले. अशी अनेक साधने शब्दयोजना किती अपेक्षित आहे हे मोजतात आणि ती जितकी अपेक्षित, तितका यंत्राचा संशय घेतात. जे मूल शिकवल्याप्रमाणे, ठरावीक शब्दांत, काळजीपूर्वक प्रमाण भाषा लिहिते, त्याचे लेखन अपेक्षितच असणार. घरात झाडीबोली बोलणाऱ्या आणि पुस्तकातून प्रमाण मराठी शिकलेल्या मुलांना हा धोका अधिक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. कोणत्याही शाळेने अशा साधनाच्या आकड्यावरून एकाही मुलाला जाब विचारू नये.

मॅडमनी वर्गात, सर्वांसमोर, त्या मुलीची वही वाचून दाखवली आणि तिची माफी मागितली. मुख्याध्यापकांना हे प्रथम आवडले नव्हते. माफी खासगीत मागता आली असती, असे त्यांचे म्हणणे होते. पण आरोपाची बातमी वर्गभर झाली होती आणि माफीही तिथेच मागणे योग्य होते.

शिक्षकांच्या बैठकीत मांडले गेलेले पर्याय

सुट्टीनंतर शिक्षकांची बैठक झाली. पहिला विचार बंदीचा होता आणि तो लगेच गळाला, कारण शाळेत फोनला आधीच मनाई होती आणि लिखाण घरी होत होते. न्यूयॉर्क शहराच्या सरकारी शाळांनी जानेवारी २०२३ मध्ये चॅटजीपीटीवर बंदी घातली आणि त्याच वर्षी मे महिन्यात ती मागे घेतली, हे एका तरुण शिक्षकांनी सांगितले. जिथे शाळेच्या नेटवर्कवर नियंत्रण ठेवता येते तिथे हे टिकले नाही, तर आपल्याकडे घरच्या फोनवर कसे टिकणार, हा त्यांचा मुद्दा सर्वांना पटला.

हस्तलिखित वहीच घ्यावी, हा उपाय परदेशातील अनेक लेखांत सुचवलेला आढळतो. आपल्या शाळांत तो निरर्थक आहे. मुलांनी सगळे हातानेच लिहिले होते, फोनवर पाहून.

मराठी शिकवणाऱ्या सरांनी वेगळा विचार मांडला. त्यांच्या वर्गातील एक मुलगा वाचनात फार मागे होता आणि भूजलाचा पाठ त्याने फोनवर बोलून, सोप्या भाषेत विचारून समजून घेतला होता. वर्गात त्याने पहिल्यांदा हात वर केला तो त्या पाठाच्या वेळी. हे साधन चोरीचेच आहे असे धरून चालू नये, असे सरांचे म्हणणे होते. दुसऱ्या बाजूला युनेस्कोने सप्टेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक पुस्तिकेत वर्गात अशा साधनांच्या स्वतंत्र वापरासाठी किमान १३ वर्षे वय सुचवले आहे, आणि भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक असून त्याच्या माहितीवरील प्रक्रियेसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती अपेक्षित आहे. म्हणजे नववीच्या मुलांना शाळेने स्वतः खाती काढून द्यावीत, हेही योग्य नव्हते.

बैठकीत शेवटी मॅडमनी विचारले की आपण दिलेला विषयच असा होता का, की गाव न पाहताही त्याचे उत्तर लिहिता यावे? ‘माझ्या गावातील जलस्रोत’ असे शीर्षक असले तरी गुणदानात मांडणी, शुद्धलेखन आणि सजावट यांनाच वजन होते. फोनने नेमके तेच पुरवले होते. हा प्रश्न निघाल्यावर बैठकीचा रोख पकडण्याकडून प्रश्न बदलण्याकडे वळला.

प्रकल्प नव्याने

जानेवारीत प्रकल्प पुन्हा देण्यात आला. मुलांचे गावनिहाय गट केले गेले आणि प्रत्येक गटाने एक तलाव, बोडी किंवा विहीर निवडली. निबंध मागितलाच नाही. मागितले ते असे : तुडुमातून सुटलेले पाणी आधी कोणाच्या बांधीत जाते आणि शेवटी कोणाच्या, याचा हाताने काढलेला नकाशा, दोराला गाठी मारून मोजलेली विहिरीची पाण्याची पातळी, तारखेसह, किमान तीन वडीलधाऱ्यांशी झालेल्या बोलण्याची कच्ची नोंद, त्यांच्याच शब्दांत. “पानी कोन्या बांधीत आधी जाते ते पाहा, मंग भांडन कायचं ते समजंल,” असे एका आजोबांनी सांगितलेले वाक्य एका नोंदीत जसेच्या तसे उतरले, आणि त्याला शुद्धलेखनाचा लाल शेरा मिळाला नाही. निम्मे गुण कच्च्या वहीला, उरलेल्यांपैकी बहुतेक तोंडी सादरीकरणाला आणि थोडेसे अंतिम लेखनाला ठेवले गेले. तोंडी परीक्षेत मॅडम एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारत : “हे तुला कोणी सांगितलं? आणि त्यांना कसं माहीत?”

अंतिम लेखनासाठी एआयची मदत घेण्याची मुभा होती. अट एवढीच की कोणत्या वाक्यासाठी ती घेतली हे वहीच्या शेवटी लिहायचे. अशी मुभा देणे काही शिक्षकांना धोक्याचे वाटले. मला ती योग्य वाटते, कारण नकाशा, गाठींचा दोर आणि आजोबांचे शब्द हातात असलेल्या मुलाने चार वाक्यांची भाषा सुधारून घेतली तर त्याच्या शिकण्यातले काहीच हरवत नाही.

या प्रकल्पातील सर्वांत फलदायी तासिका मात्र वेगळीच होती. मॅडमनी स्वतःच्या फोनवर गावाचे नाव टाकून तोच जुना प्रश्न विचारला, आलेले उत्तर फळ्यावर लिहिले आणि मुलांना प्रत्येक वाक्यासमोर ‘बरोबर’, ‘चूक’ किंवा ‘तपासावे लागेल’ असे लिहायला सांगितले. ऊस आणि ठिबकवर मुले हसली व फटाफट ‘चूक’ लिहिले. तलावांविषयी विशेष विचारल्यावर आलेल्या उत्तरात एक वाक्य होते, की मध्य प्रदेशच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव शासनाकडे गेले. मुलांनी एकमुखाने ‘चूक’ लिहिले. मध्य प्रदेशचा कायदा गोंदियाला कसा लागेल? आणि तलाव तर ग्रामपंचायतीचा आहे, असे सर्वांनी ऐकलेले होते.

फोनचे हे वाक्य मात्र बरोबर होते. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत विदर्भ जुन्या मध्य प्रदेशात होता आणि मालगुजारी संपवणारा कायदा तेव्हाचा आहे. त्याची अंमलबजावणी १९५१ मध्ये झाली. मुलांना हे सांगून पटेना, तेव्हा दोन गट तलाठी कार्यालयात गेले. तिथे त्यांना निस्तारपत्रक पाहायला मिळाले. गावकऱ्यांना तलावातून गुरांना पाणी पाजण्याचा, सिंचनाचा आणि इतर कोणकोणता हक्क आहे, याची ती जुनी नोंद होती. पाठ्यपुस्तकात ती नव्हती, फोनच्या उत्तरात नव्हती आणि त्यांच्या घरांतही ती कोणी पाहिलेली नव्हती. यंत्र चुकते हे मुलांना तोवर कळले होते. आपल्याला ठाम वाटणारी गोष्टही चुकू शकते आणि दोन्हींचा निकाल कागद पाहून लावता येतो, हे त्या दिवशी कळले. यंत्राच्या चुका काढण्यापुरतीच ही तासिका राहिली असती तर मुलांच्या हाती फक्त अविश्वास आला असता.

अडचणी

या पद्धतीची किंमत आहे आणि ती शिक्षकांनाच द्यावी लागते. प्रत्येक मुलाला पाच मिनिटे दिली तरी चाळीस मुलांच्या तोंडी परीक्षेला तीन तासांहून अधिक वेळ लागतो. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासिकांत तो दोन आठवड्यांवर पसरला. याच काळात शिक्षकांना शाळाबाह्य कामेही होती. तालुक्यातील इतर शाळांत एकेका वर्गात साठ मुले आहेत. तिथे प्रत्येकाची तोंडी परीक्षा शक्य होणार नाही आणि गटाची घ्यावी लागेल, मग गटात गप्प राहणारे मूल सुटून जाईल.

मुलींचा प्रश्न वेगळा होता. शाळा सुटल्यावर पाळीवर जाऊन पाहणी करायची तर मानव विकास कार्यक्रमातील मुलींची बस चुकते. पहिल्या आठवड्यात तीन गावांतील मुलींचे काम त्यामुळे मागे पडले. मुख्याध्यापकांनी शनिवारची सकाळची शाळा यासाठी मोकळी केली, तेव्हा ते जुळले. फोन घरी नसणे किंवा भावाच्या ताब्यात असणे हेही मुलींच्याच बाबतीत अधिक होते, म्हणून एआयचा वापर करणाऱ्याला जादा गुण द्यावेत ही सूचना मॅडमनी नाकारली.

पालकांपैकी एकांनी शाळेत येऊन विचारले, “मॅडम, पोराची आधीची वही किती सुंदर होती. आता ह्या रेघोट्यांच्या वहीला जास्त मार्क कसे?” मॅडमनी दोन्ही वह्या त्यांच्यापुढे ठेवल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, तुम्हीच वाचा आणि सांगा, यातलं आपलं गाव कोणतं?” ते स्वतः धानाचे शेतकरी होते. नकाशातील त्यांच्या बांधीची जागा चुकली असल्याचे त्यांनी दाखवून दिले आणि मुलाला ती दुरुस्त करायला सांगितली. सर्वच पालकांचे असे समाधान झाले नाही. नीटनेटकी वही हीच अभ्यासाची खूण मानण्याची सवय शाळांनीच अनेक वर्षे लावली आहे.

सर्व विषयांना हा मार्ग लागू पडत नाही. गणिताच्या सरांपुढे उदाहरणाचा फोटो काढला की पायऱ्यांसह उत्तर येते, ही अडचण होती. त्यांनी गृहपाठाचे गुण बंद केले आणि रोज तासिकेच्या सुरुवातीला एक उदाहरण वर्गातच सोडवून घ्यायला सुरुवात केली. गृहपाठ करणे आता मुलांच्या मर्जीवर आले आहे आणि ज्यांना सरावाची सर्वाधिक गरज आहे तीच मुले तो टाळतात, असे सर सांगतात.

शिक्षकांच्या स्वतःच्या वापरासाठी शाळेने एक पानाचा नियम केला आहे. प्रश्नसंचाचा कच्चा आराखडा, उताऱ्याचे सोपे रूप, कार्यपत्रिका यांसाठी साधने वापरावीत, पण छापण्याआधी विषयशिक्षकाने ओळ न्‌ ओळ तपासावी. कोणत्याही विद्यार्थ्याचे नाव, गुण, जात, आजार किंवा वहीचा फोटो त्यात टाकू नये. वही तपासण्याचे काम यंत्राकडे देऊ नये. ओळख साधनांचा आकडा पुरावा म्हणून धरू नये, हे वाक्य मॅडमच्या आग्रहाने जोडले गेले.

दहावीचा प्रश्न शाळेला अजून सुटलेला नाही. भाषा विषयांच्या वीस गुणांच्या अंतर्गत मूल्यमापनात तोंडी कामाला जागा आहे, तरी लेखी परीक्षेतील उपयोजित लेखनाची तयारी घरीच होते. पत्र, बातमी आणि जाहिरात यांचे नमुने मुले फोनवरून घेऊन पाठ करतात. पाठ केलेले उत्तर परीक्षेत गुण मिळवून देते, त्यामुळे तिथे शाळेने प्रश्न बदलून काही साधत नाही. मंडळाची प्रश्नपत्रिका बदलेपर्यंत ही अडचण राहणार. तोवर मराठीच्या सरांनी आठवड्यातून एक तासिका वर्गातच, फोनशिवाय, गावातल्या ताज्या घटनेवर बातमी लिहून घेण्यासाठी राखून ठेवली आहे. जलसुरक्षेचा प्रकल्प पुढील वर्षी रोवणीच्या आधीच द्यायचे ठरले आहे, म्हणजे तुडुम उघडताना आणि पाण्याची वाटणी होताना मुलांना ते प्रत्यक्ष पाहता येईल.